दुकानावरची झडप

आमच्या दुकानात नवं गिऱ्हाईक आलं की ते हमखास एकदा दचकायचं. छतातून आवाज यायचा म्हणून.

गादीवर माझे सासरे बसलेले असायचे. गिऱ्हाइकाच्या हातात तांब्याची कळशी. ते तिला टिचकी मारून बघतंय, सासरे कळशीचं तोंड भरून कौतुक करतायत, आणि तेवढ्यात बरोबर त्यांच्या डोक्यावरून ठसठशीत बायकी आवाज यायचा, "ती नका हो देऊ त्यांना. तिच्या बुडाला पोचा आहे. मागची काढा."

गिऱ्हाईक वर बघायचं. छताला चौकोनी भोक आणि भोकातून डोकावणारी माझ्या सासूबाईंची हनुवटी. सासरे मान वर न करता म्हणायचे, "तू भाजी चीर." वरून उत्तर यायचं, "चिरतेच आहे. कान कुठे चिरतेय?" मग गिऱ्हाईक हसायचं, पोचा नसलेली कळशी घेऊन जायचं आणि पुढच्या खेपेला सोबत आणखी कुणाला तरी घेऊन यायचं. छतातला आवाज ऐकवायला.

मला मात्र त्या भोकाचा राग यायचा. त्या घराचाच यायचा. आता सगळं सांगते.

आमचं दुकान जुन्या नाशकात, भांडी बाजारात, गंगेकडे, म्हणजे गोदावरीकडे, उतरत जाणाऱ्या रस्त्यावर. खाली दुकान, वर बिऱ्हाड. घर विटांचं दिसतं, पण उभं आहे ते सागाच्या खांबांवर. जमिनीत दगडी तळखडे, त्यांवर खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर ओळीनं कड्या, कड्यांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा थर. तोच खालच्यांचं छत आणि वरच्यांची जमीन. विटा मधल्या गाळ्यांत नुसत्या भरलेल्या. "आपल्याकडे भिंत पडली तरी घर पडत नाही," असं सासरे प्रत्येक पाहुण्याला सांगायचे, आणि पुरावा म्हणून पूर्वी कधीतरी पुरात पडून पुन्हा बांधलेली मागची भिंत दाखवायचे. नवी नवरी म्हणून मी हे पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा मनात आलं, भिंत पडते हे काय कमी आहे?

माझं माहेर कळवणचं. तिथे घर म्हणजे अंगणाला लागून असलेल्या खोल्या. कुठल्याही दारातून पाऊल टाकलं की डोक्यावर आभाळ. सासरचं घर रस्त्यावरून बघायला देखणं: पुढे दगडी ओटा, दुकानाच्या चौकटीवर कोरलेली वेल, वर लाकडी सज्जा, सज्ज्याच्या कठड्याला कमळं. पण आत शिरलं की बोळ. रुंदी एका दुकानाची आणि लांबी संपता संपत नाही. दुकानामागे जुनी भट्टीची खोली, तिच्यामागे न्हाणी, मग मागचा दरवाजा. दोन्ही अंगांना शेजाऱ्यांची घरं चिकटलेली, त्यामुळे खिडकी म्हणून नाही. उजेड पुढून येतो नाहीतर मागून, आणि मधल्या खोलीत पोचेपर्यंत दमतो.

मी तशी जन्माचीच अस्वस्थ. एका जागी बसणं मला जमत नाही. जेवतानाही मी तीनदा उठते. "हिच्या पायाला भिंगरी आहे," सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. आणि अशा बाईला देवानं दिलं काय, तर हे घर. याला घाई चालतच नाही. दुकानाला शटर नाही, फळ्या आहेत. उभ्या, माणसाहून उंच. वरच्या-खालच्या खाचेत एकेक सरकवत न्यायची. प्रत्येकीच्या डोक्यावर छिन्नीनं खूण कोरलेली, आणि त्या खुणांच्या क्रमानंच त्या बसतात. एक जरी मागेपुढे झाली तर शेवटची, कुलपाची फळी आत जात नाही. मग सगळ्या पुन्हा काढा. घाईघाईत मी कितीदा तरी क्रम चुकवला आहे आणि रस्त्यात उभं राहून त्या फळ्यांना मनातल्या मनात कळवणच्या शिव्या घातल्या आहेत.

जिना तर त्याहून वस्ताद. भिंतीच्या पोटातून काढलेला, जेमतेम एका माणसाचा. पायऱ्या उंच आणि पाऊल मावणार नाही इतक्या अरुंद. तिरकं पाऊल टाकायचं, वरून सोडलेला दोर धरायचा आणि डोकं सांभाळायचं. जाडजूड पाहुणा आला की त्याला ओट्यावरच चहा मिळायचा.

त्या जिन्यातून ताटंवाट्या जातील, पण हंडे-पिंपं जाणार नाहीत. म्हणून ही झडप. गादीच्या बरोबर वर, दोन तुळयांच्या मधे, वरच्या माजघराच्या जमिनीत. वर आढ्याला कप्पी, कप्पीवर दोर. गंगेला पूर आला की दुकानातला सगळा माल या वाटेनं वर जातो. भांड्यांच्या गळ्याला दोर बांधायचा, वरच्यांनी ओढायचं. माल वर गेला की दुकानाच्या फळ्या काढून त्याही वर घ्यायच्या आणि पुढचा-मागचा, दोन्ही दरवाजे सताड उघडे टाकायचे. पुराला अडवायचं नाही. पाणी पुढून यावं, मागून जावं, खांबांनी उभं राहावं. घर बांधतानाच ही व्यवस्था करून ठेवलेली.

झडपेचा दुसरा उपयोग मला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कळला. सासऱ्यांचे थोरले भाऊ वरच्या खोलीत वारले तेव्हा. जिन्यातून दोन माणसं एका वेळी चालू शकत नाहीत, तिथे तिसऱ्याला आडवं धरून कोण नेणार? त्यांना फळीवर बांधलं आणि दोरांनी झडपेतून हळूहळू खाली उतरवलं. खाली सासरे हात पसरून उभे होते. त्यांचे वडीलही तसेच गेले होते, आजोबाही.

तेव्हापासून मला घरातला तो न बोलता पाळला जाणारा नियम उमगला. झडपेतून जिवंत माणूस जात नाही. पोरांचा चेंडू भोकातून खाली पडला तर धावत जिन्यानं जायचं. माझी मुलगी लहानपणी एकदा भोकाच्या काठावर पाय खाली सोडून बसली होती, तर एरवी तिला फुलासारखं जपणाऱ्या सासूबाईंनी तिच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला. असल्या गोष्टींना मी एरवी हसते. याला मात्र मला कधी हसता आलं नाही.

मग सासरे ओट्यावरून घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, काठी आली. सपाटीवर ते बरे चालायचे, पण जिन्याचं नाव काढायला नको. त्यांची खाट भट्टीच्या खोलीत टाकली. सासूबाई तेव्हा जिना चढत-उतरत होत्या, गुडघ्यांना शिव्या देत का होईना. एका दुपारी उतरताना त्यांचा पाय सटकला आणि त्या जिन्याच्या मध्यावर बसल्या. ना वर, ना खाली. शेवटी मी खालून ढकललं आणि माझ्या नवऱ्यानं वरून ओढलं, तेव्हा कुठे त्या माजघरात पोचल्या. त्या दिवसापासून त्यांनी जिन्याचं तोंड पाहिलं नाही; मोरी-संडासाची सोयही वरच करून घेतली. "आता मी खाली येईन ती झडपेतूनच," असं म्हणून त्या हसायच्या. आम्ही कोणी हसायचो नाही.

असं करता करता एकाच घरात नवरा खाली आणि बायको वर, अशी वाटणी झाली. दोघांच्या मधे एक झडप.

सकाळी ती उघडायची. वरून दोरीला बांधलेली परडी खाली यायची: चहा, गोळ्या, दुपारी जेवणाचा डबा. खालून वर जायचं वर्तमानपत्र, भाजी, पान. दिवसभर सासूबाई तिथेच बैठक मारून बसायच्या. दुकान ऐकायच्या, रस्ता ऐकायच्या, नवऱ्याशी भांडायच्या. अंतर जास्त म्हणून आवाज मोठा, आणि आवाज मोठा म्हणून साधं "मीठ कमी आहे" हेसुद्धा भांडणासारखं वाटायचं. समोरच्या दुकानातल्यांना आमच्या आमटीची चव रोज कळायची. दिवस मावळला की उंदरांच्या भीतीनं झडप लावायची. "लावते हं," वरून. "लाव," खालून. मग फळीचा आवाज.

आणि या दोघांमधे मी. गरम दूध परडीतून देता येत नाही, ते मी न्यायचं. खालचा निरोप वर, वरचा टोमणा खाली. सासरे म्हणायचे, "सूनबाई आहे तोवर लिफ्टची गरज नाही." मी चिडायचे, आणि दुसऱ्या हाकेला पुन्हा धावायचे. खरं तर मला धावायला आवडतंच. पण अलीकडे उजवा गुडघा जिना उतरताना करकर वाजायला लागला होता, आणि प्रत्येक वेळी तो वाजला की माझ्या मनात एकच यायचं: एक दिवस मीही असल्याच कुठल्यातरी मजल्यावर अडकणार. कुठल्या, एवढाच प्रश्न.

दिवाळीचा पाडवा आला. सासूबाईंना नवऱ्याला ओवाळायचं होतं. त्यांनी झडपेच्या काठाशी पाट मांडला, तबक घेतलं, आणि खाली गादीवर नवी टोपी घालून बसलेल्या नवऱ्याला वरूनच ओवाळलं. कुंकू त्यांनी परडीतून खाली सोडलं, ते सासऱ्यांनी आपलं आपणच लावलं. ओवाळता ओवाळता निरांजन कललं आणि गरम तुपाचा थेंब सासऱ्यांच्या हातावर पडला. "अगं, भाजतेस काय मला!" ते ओरडले. दुकानात आलेली माणसं पोट धरधरून हसली. सासूबाईही हसल्या. मी नाही. मला भयंकर राग आला होता. त्या तुळयांचा, त्या भिंतीच्या पोटातल्या जिन्याचा, ज्यांनी हे घर असं बांधून ठेवलं त्या सगळ्यांचा.

त्याच आठवड्यात मी शहराच्या टोकाला, पाथर्डी फाट्याला जाऊन एक फ्लॅट बघून आले. एकटीच. सगळ्या खोल्यांना खिडक्या. एका गॅलरीतून पांडवलेणीचा डोंगर दिसत होता. आणि लिफ्ट! मी त्या लिफ्टमधून उगाचच दोनदा वर-खाली केलं. बटण दाबलं की दार उघडायचं, इतकं सोपं असू शकतं हे मला खरंच वाटेना. मला त्या बोळातल्या घरातून निघायचं होतं, ते मी कधी लपवलं नव्हतं. पण आता माझ्याकडे कुणालाही खोडता न येणारं कारण होतं. या दोघांना एका मजल्यावर आणायचं.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. सासरे दिवसा दुकानात येतील, गाडी सोडेल-नेईल. रात्री सगळे एकत्र, एका टेबलावर जेवू. नवरा म्हणाला, "बघू." माझा नवरा बघू म्हणतो तेव्हा तो कुठेच बघत नसतो. सासऱ्यांनी पान लावायला घेतलं. वरून मात्र प्रश्न आला, "पण मी या घरातून खाली उतरायची कशी?"

खरंच, कशी? जिन्यानं जमत नाही आणि झडपेचं नाव काढायची सोय नाही. म्हणजे लिफ्टपर्यंत पोचायलाच आधी एक लिफ्ट हवी होती.

तिथे सगळं अडलं. फ्लॅटवाल्याचे फोन येत राहिले, मी "कळवते" म्हणत राहिले, आणि जिन्यात गुडघा करकरत राहिला. माझी चिडचिड इतकी वाढली की दुकानातली भांडी पुसताना ती मी आपटायला लागले. सासरे म्हणायचे, "पोचे पडतील, सूनबाई." वरून: "पडू द्या. तिला बोलू नका."

श्रावणात पाऊस तिकडे त्र्यंबकच्या डोंगरात कोसळत होता आणि इकडे गंगा चढत होती. सकाळी बातमी आली की धरणातून पाणी सोडलंय. थोड्या वेळानं पालिकेची गाडी फिरून गेली, लाउडस्पीकरवरून सावध करत. मग कोणीतरी पळत सांगत आलं, नदीतला दुतोंड्या मारुती छातीपर्यंत बुडाला. एवढं ऐकलं की आमच्या बाजाराला पुढचं काही सांगावं लागत नाही. दोन्ही बाजूंच्या दुकानांत एकदमच खणखणाट सुरू झाला.

सासरे गादीवर ताठ बसले. असे मी त्यांना कितीतरी दिवसांत पाहिले नव्हते. "आधी पितळ, मग तांबं. स्टील शेवटी. स्टीलला काय धाड भरते?" वर कप्पीपाशी माझा नवरा. खाली दोर बांधायला शेजारचे कलईवाले चाचा. त्यांचं दुकान चढावर, त्यांच्याकडे पाणी येत नाही, म्हणून पुरात ते दर वेळी आमच्याकडे येतात. आमच्याकडे काम करणारा पेठकडचा गडी मागच्या खोलीतला माल पुढे आणत होता. मी खाली-वर, खाली-वर. हंडे निघाले, घागरी निघाल्या, पातेल्यांच्या उतरंडी निघाल्या. वर सासूबाई प्रत्येक भांडं काठावर धरून आत ओढत होत्या आणि ओरडत होत्या, "अरे हळू, त्याला नक्षी आहे!"

दुकान रिकामं झालं. फळ्याही वर गेल्या. रस्त्यावरून गढूळ पाण्याची जीभ ओट्याच्या पहिल्या पायरीला लागली. आणि मग सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं की खाली सासरे राहिलेत.

"मी घेतो बाबांना पाठीवर," गडी म्हणाला. "चाचांच्या घरी नेतो. पानी लय नाय अजून."

नवऱ्याला ते पटलं. चाचांनाही. सासऱ्यांनी काठी उचलली. तेवढ्यात वरून आवाज आला. पण तो नेहमीचा आवाज नव्हता.

"त्यांना नेऊ नका."

आम्ही वर बघितलं. सासूबाई झडपेच्या काठाशी पालथ्या पडून खाली बघत होत्या. "सगळीकडे पाणी भरणार आणि मी इथे वर एकटी बसू? ते तिकडे, मी इकडे, आणि मधे गंगा? मला नाही चालणार. त्यांना वर घ्या."

"अगं, मी वर कसा येऊ?" सासरे म्हणाले.

"भांडी आली तसे."

मी सासऱ्यांकडे बघत होते. त्यांचा चेहरा उतरला होता.

"माझा बाप या झडपेतून गेला," ते म्हणाले. "माझा भाऊ गेला. माझ्या या हातांनी घेतला मी त्याला."

"खाली गेले ना ते?" वरून सासूबाई म्हणाल्या. "मेलेला माणूस खाली जातो. वर कोण येतं का मेलेलं? तुम्ही वर या."

सासऱ्यांनी वर बघितलं, मग बाहेर पाण्याकडे बघितलं. मला वाटतं, इतक्या पिढ्यांत हा विचार त्या घरात कोणाला सुचलाच नव्हता. चाचांनी दोर हातावर गुंडाळला आणि म्हणाले, "शेठ, भाभीजी की बात में दम है."

"खुर्ची आणा," नवरा म्हणाला.

"खुर्ची कलंडेल," सासरे म्हणाले, आणि तेवढ्यात त्यांच्यातला दुकानदार जागा झाला. "मोठं घंगाळ सोडा खाली. ते पुढचं नको, त्याच्या कड्या ढिल्या आहेत. मागचं."

तांब्याचं ते अवाढव्य घंगाळ नुकतंच वर गेलं होतं, ते पुन्हा खाली आलं. सासरे त्यात मांडी घालून बसले. चाचांनी दोन्ही कड्यांतून दोर ओवला, एक फेरा त्यांच्या कमरेभोवती घेतला, गाठी दोनदा ओढून बघितल्या. मग चाचा आणि गडी जिन्यानं वर गेले आणि तिघांनी मिळून दोर धरला. मी खाली उभी राहून घंगाळ सावरत होते. ते जमिनीवरून उचललं गेलं तेव्हा सासऱ्यांनी डोळे मिटले होते आणि काठी छातीशी धरली होती. मला हसू येत होतं, पण कड सोडवत नव्हती.

ते माझ्या हाताबाहेर गेले तशी मी जिन्याकडे धावले. वर पोचले तेव्हा घंगाळ झडपेच्या काठाशी आलं होतं, आणि हाताला दुसरं काही लागलं नाही म्हणून सासूबाईंनी नवऱ्याच्या सदऱ्याची कॉलर घट्ट धरली होती. तिघांनी त्यांना आत घेतलं. घंगाळ माजघराच्या जमिनीवर टेकलं. सासरे त्यातच बसून राहिले. सासूबाई समोर फतकल मारून बसलेल्या, कॉलर अजून सोडली नव्हती.

सासऱ्यांनी डोळे उघडले आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघितलं. "तुझे केस किती पिकले गं," ते म्हणाले. "खालून मला नुसती हनुवटीच दिसायची."

"आणि मला तुमची टोपी," त्या म्हणाल्या.

चाचा आणि गडी चढावर निघून गेले. मग पाणी आलं. पुढून आलं, दुकानातून, भट्टीच्या खोलीतून वाहत मागच्या दारानं निघून गेलं. आम्ही झडपेतून बघत होतो. सासऱ्यांची गादी तरंगत गेली तेव्हा त्यांनी तिला हात केला. खांब पाण्यात उभे होते आणि पायाखालची जमीन हलली नाही. मी माझ्या आयुष्यात त्या घराला पहिल्यांदा चांगलं म्हटलं. मनातच.

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरलं. मागची भिंत पुन्हा पडली होती. मी खालून ओरडून सांगितलं, तर वरून सासरे आनंदानं ओरडले, "भिंतच पडली ना? घर नाही ना?"

चिखल काढला, दुकान धुतलं, माल उतरवला, फळ्या खुणेप्रमाणे बसवल्या. मग नवरा झडपेखाली उभा राहून म्हणाला, "बाबा, तुम्हाला उतरवायचं ना?"

"मी काय हंडा आहे का, वर-खाली करायला?" सासरे म्हणाले. "उतरायचं तेव्हा उतरेन. एकदाच."

सासूबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि परडी खाली सोडली. त्यात आमच्या दोघांचा चहा होता.

तेव्हापासून दुकान नवऱ्याचं आणि माझं. नव्या गादीवर आम्ही, वर ते. पहिले काही दिवस दोघं शेजारी बसूनसुद्धा एकमेकांवर ओरडतच होते. सवयच लागली होती. "पाणी देतेस का?" एवढ्यासाठी सगळा बाजार हलायचा. मग हळूहळू आवाज उतरत गेला. एकदा मी कळशी पुसता पुसता थांबले. वरून नुसती कुजबुज येत होती. कान दिला तरी एक शब्द कळेना. मधेच सासूबाईंचं हसणं. मला हाका येणंही कमी झालं होतं. निरोप नाहीत, टोमणे नाहीत. दिवसातून जेमतेम दोन फेऱ्या. मला पाय कुठे ठेवावेत ते कळेना. मी दुकानाच्या दारात जायचे, परत यायचे, पुन्हा दारात जायचे.

फ्लॅटवाल्याचा फोन अजून यायचा. लिफ्ट आता कोणासाठी, असं मला कोणी विचारलं नाही, आणि म्हणून मला जास्तच अवघड झालं. खोडता न येणारं माझं कारण त्या घरानंच आपलं आपण सोडवून टाकलं होतं.

मग एका दुपारी, गिऱ्हाईक नव्हतं, मी पावशेराची मापं मांडत होते, आणि गादीवर पडलेला उजेडाचा चौकोन एकदम नाहीसा झाला. वर फळीचा आवाज झाला. झडप लागली होती. भर दिवसा. आजवर असं कधीच झालं नव्हतं. मापं टाकून मी जिन्यात घुसले, गुडघा ओरडत होता, डोकं तुळईला आपटलं, आणि धापा टाकत माजघरात पोचले.

दोघं झडपेवरच बसले होते. लावलेल्या झडपेवर सतरंजी घालून, पाय पसरून, मधे एक ताटली, ताटलीत भाजलेल्या शेंगा. ज्या झडपेतून त्या घरातलं प्रत्येक माणूस शेवटचं खाली गेलं होतं, तिच्यावर टरफलांचा ढीग पडला होता.

"काय गं? काय झालं धावायला?" सासूबाई म्हणाल्या.

"झडप का लावलीत?"

सासऱ्यांनी एक शेंग फोडली. "खालची माणसं फार कान देतात," ते म्हणाले, आणि सासूबाईंनी नव्या नवरीसारखा तोंडाला पदर लावला.

मला त्या क्षणी इतका हेवा वाटला की डोळ्यांत पाणी आलं. मी पाठ फिरवली आणि जिना उतरायला लागले. दोर धरून, तिरकं पाऊल टाकत, एकेक पायरी. त्या जिन्यात मी पहिल्यांदाच सावकाश चालले.

खाली नवरा गादीवर बसून वर बंद झडपेकडे बघत होता. "काय झालं?"

"काही नाही. बोलतायत."

"काय?"

"ते कळावं म्हणून लावलीय का झडप?"

तो हसला. माझा फोन वाजायला लागला, फ्लॅटवाल्याचाच. वाजून वाजून थांबला. रस्त्यावरून एक हातगाडी गेली. एरवी मी एव्हाना दारात गेले असते.

"सरका जरा," मी म्हणाले. तो सरकला. मी त्याच्या शेजारी गादीवर बसले, पाय पोटाशी घेतले, आणि आवाज खाली आणून म्हटलं, "बोला काहीतरी."